रंग गेला, खार राहिला
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



२०२० सालच्या जून महिन्यात आपल्या लोणारच्या तळ्याचे पाणी गुलाबी झाले. टाळेबंदीचे दिवस होते, घराबाहेर पडायची सोय नव्हती, तरी त्या पाण्याचे फोटो देशभर फिरले. मामला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. वनखात्याने पाण्याचे नमुने तपासायला पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले की हा रंग खारात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांच्या अंगातला आहे. त्या वर्षी पाणी कमी झाले, ऊन कडक पडले, खार दाट झाला आणि हे जीव फोफावले. बाटलीत भरलेले पाणी काही वेळ ठेवले की जीव तळाशी बसत आणि वरचे पाणी नितळ दिसे.

तेव्हा लोणारचा रंग हा जिवंत रंग होता. आला तसा गेला. आज आम्ही ज्या रंगाविषयी बोलणार आहोत तो तसा नाही. तो कारखान्यात जन्मतो, आपल्याच कापसावर चढतो, आणि जो चढत नाही तो पाण्यातून कोणाच्या तरी वावरात उतरतो. त्या रंगाला ॲझो रंग म्हणतात. दुनियेत माणसाने बनवलेले जेवढे रंग आहेत, त्यांतले निम्म्याहून अधिक या एकाच घराण्यातले आहेत.

कोणी म्हणेल, आम्ही कोरडवाहू पऱ्हाटी आणि ज्वारीवाले, आमच्याकडे पाणीच नाही, तर रंगाच्या पाण्याची चर्चा कशाला? कारण सांगतो. आपला कापूस खामगाव-मलकापूरच्या बाजारात पांढरा जातो आणि परत येतो तो लाल, निळा, काळा होऊन, दुकानाच्या काचेतून. मधली सगळी कामे दुसरीकडे होतात. कापूस जिथे पिकतो तिथेच त्याचे सूत निघावे, कापड व्हावे, त्यातली मिळकत इथेच राहावी, ही मागणी कापूस उत्पादकांनी किती वर्षे केली त्याची गणती नाही. आता अमरावतीजवळ नांदगाव पेठेला सुमारे हजार एकरांवर केंद्र सरकारचे वस्त्रोद्योग उद्यान होणार आहे. मार्च २०२३ मध्ये त्याची घोषणा झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या कार्यक्रमातून पायाभरणी झाली. चांगली गोष्ट आहे. आम्ही तिच्या विरोधात नाही. पण कापड आले की रंगाई येते, आणि रंगाई आली की पाणी आले. अमरावतीकडची पेढी नदी पूर्णेला मिळते आणि पूर्णा आपल्या शेगाव, संग्रामपूर, नांदुरा, मलकापूर या मुलखातून पुढे तापीला जाते. म्हणून कारखाना उभा राहायच्या आधी आपण चार गोष्टी समजून घ्याव्या, नंतर कपाळाला हात लावून उपयोग नाही.

पहिल्यांदा हा रंग म्हणजे काय ते पाहू. नत्र आपल्याला नवे नाही, युरियाची गोणी कोणी उचलली नाही असा माणूस या मांडवात नसेल. हवेत नत्राचे दोन-दोन अणू एकमेकांना तिहेरी गाठ मारून बसलेले असतात. ती गाठ सोडवायला तुरीच्या मुळावरच्या गाठीतले जिवाणू लागतात, नाही तर खताचा कारखाना लागतो. ॲझो रंगात नत्राचे असेच दोन अणू असतात, पण त्यांच्यात दुहेरी गाठ असते, आणि दोन्ही बाजूंना कोळशाच्या डांबरातून किंवा खनिज तेलातून काढलेल्या कर्बाच्या कड्या जोडलेल्या असतात. कडी, नत्र, नत्र, कडी, अशी ही साखळी. त्या सबंध साखळीवर विजेचे कण मोकळे फिरतात आणि उन्हातला ठरावीक प्रकाश गिळतात. जो प्रकाश गिळला जात नाही तो आपल्या डोळ्यांना रंग म्हणून दिसतो. कडीला काय टोचले आहे त्यावर पिवळा, नारिंगी, लाल, काळा ठरतो. मधली गाठ तोडली की रंग संपला. एवढे ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

१८५८ साली पीटर ग्रीस नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने ही गाठ बांधण्याची युक्ती शोधली. हा माणूस पुढे इंग्लंडात बिअरच्या कारखान्यात नोकरीला राहिला. कामे थंड पाण्यात, आम्ल आणि नायट्राइट घालून होतात, त्याला फार मोठी भट्टी लागत नाही. म्हणून हा रंग स्वस्त. १८८४ मध्ये काँगो रेड नावाचा लाल निघाला, तो तुरटीशिवाय थेट कापसावर चढू लागला. त्या आधी लाल रंगाला आलीच्या मुळ्या लागत, करडईच्या पाकळ्या लागत. करडईच्या फुलाचा भाव बुडाला तो तिथे. आता करडईचे तेलच तेवढे राहिले, आणि त्याचीही काय गत आहे ती तुम्ही जाणता.

पुढे १९५६ पासून आणखी पक्के रंग आले. ते कापसाच्या धाग्याला नुसते चिकटत नाहीत, धाग्याशी रासायनिक गाठ बांधतात. म्हणून आज धुऊन धुऊनही शर्टाचा रंग जात नाही. पण इथे एक गोम आहे. हा रंग धाग्याशी गाठ बांधतो तसाच पाण्याशीही बांधतो. आणि रंगाईच्या हंड्यात पाणी भरपूर. पाण्याशी जुळलेला रंग पुन्हा धाग्यावर चढत नाही, तो फुकट जातो. शंभरात दहा-वीस भाग, काही रंगांत तीस-चाळीस भागही असे पाण्यात राहतात. धागा सोडून गेलेल्या या रंगाला पाण्यात विरघळून राहायची खोड मुद्दाम लावलेली असते, नाही तर रंगाई होणारच नाही. त्यामुळे तो तळाशी बसत नाही. ऊन लागून विटू नये म्हणून बनवलेला, त्यामुळे नदीतल्या उन्हानेही तो सहज विटत नाही. गिऱ्हाइकाला जो गुण हवा, तोच नदीला अवगुण.

आता दुसरा पदार्थ. त्याचे नाव सांगितले तर तुम्ही हसाल, पण सगळी गोष्ट त्याच्यापाशी आहे. मीठ.

कापसाचा धागा पाण्यात गेला की त्याच्यावर विजेचा ऋण भार येतो. रंगावरही ऋण भार. दोघे एकमेकांना ढकलतात. त्यांना जवळ आणायला हंड्यात मीठ टाकावे लागते, साधे मीठ किंवा सोडियम सल्फेट. आणि गाठ पक्की व्हायला धुण्याचा सोडा टाकावा लागतो. गडद रंग असेल तर लिटरला पन्नास ग्रॅम, कधी त्याहून पुष्कळ जास्त मीठ लागते. एक किलो कापडाला दहा लिटरचा हंडा धरा. म्हणजे एका किलो कापडामागे अर्धा किलो मीठ. आता आपल्या भाषेत हिशेब करू. एक क्विंटल कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते. सूत-कापड होईपर्यंत घट धरून तीस किलो कापड म्हणा. ते गडद रंगवले तर पंधरा किलो मीठ झाले. तुमच्या एका क्विंटल कापसापाठी पंधरा किलो! ते मीठ कापडात राहत नाही. धुण्यात सगळे बाहेर निघते.

मीठ जमिनीत गेल्यावर काय होते हे शेगाव-संग्रामपूरकडच्या माणसाला पुस्तकातून शिकवायची गरज नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा, अकोला-अमरावतीपर्यंत पसरलेला. विहिरीला पाणी आहे, पण ते ओलिताला चालत नाही आणि प्यायला घशाखाली उतरत नाही. आपली काळी माती चिकण. तिच्या कणांना कॅल्शियम धरून असला तर माती भुसभुशीत राहते. सोडियम आत शिरला की कण सुटे होतात, फुगतात, बारीक छिद्रे बुजतात. पावसाचे पाणी वर थांबते, खाली मुरत नाही. ओली असताना चिखल, वाळली की दगड. आपल्याकडे हा खार निसर्गाने दिला, त्याचा राग कोणावर काढावा? पण रंगाईचे पाणी म्हणजे माणसाने बनवलेला खारपाणपट्टा आहे. फरक इतकाच की तो दहा-वीस वर्षांत तयार होतो.

हे आम्ही भीती घालायला सांगत नाही. घडले आहे ते सांगतो. तामिळनाडूत तिरुपूर नावाचे गाव आहे. अंगातले बनियन, टी-शर्ट तिथे होतात, आणि तिथल्या गिरण्यांना विदर्भ-मराठवाड्याच्या गाठींची चांगली ओळख आहे. गावाजवळून नोय्यल नदी वाहते, ती पुढे कावेरीला मिळते. १९९० नंतरच्या वर्षांत परदेशाच्या मागणीने तिरुपूर फुगले, शेकडो रंगाई कारखाने उभे राहिले. नेमके त्याच सुमारास, १९९२ मध्ये, खालच्या अंगाला ओरातुपालयम धरण पुरे झाले. इरोड आणि करूर भागातल्या शेतकऱ्यांना ओलीत मिळावे म्हणून ते बांधले होते. शेतकऱ्यांनी धरणासाठी जमिनी दिल्या. धरण भरले ते रंगाईच्या पाण्याने. मग अशी वेळ आली की धरणाचे पाणी कालव्यात सोडू नका, अशी मागणी लाभक्षेत्रातल्याच शेतकऱ्यांना करावी लागली. पाणी मागण्यासाठी मोर्चे आम्ही पुष्कळ काढले, भावांनो. पाणी नको म्हणून भांडायची पाळी कशी असेल ती विचार करून पाहा.

आता या गोष्टीतली खरी शिकवण पाहा. आरडाओरडा झाल्यावर तिथे सामाईक शुद्धीकरण केंद्रे उभारली गेली. त्यांनी काय केले? चुना, तुरटीसारखी रसायने, जिवाणूंच्या टाक्या, हे सगळे वापरून रंग बराचसा काढला. पाणी पाहायला बरे दिसू लागले. पण मीठ? मीठ चुन्याने बसत नाही, जिवाणू ते खात नाहीत. ते जसेच्या तसे नदीत गेले. शुद्धीकरणाची रसायने टाकल्याने उलट क्षारात थोडी भरच पडते. रंग हा साक्षीदार होता. साक्षीदाराला घालवले आणि गुन्हा मागे राहिला. विहिरी खारावत गेल्या. नोय्यलच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांचा संघ मद्रास हायकोर्टात गेला. २००६ च्या डिसेंबरात कोर्टाने निकाल दिला, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. तरी पाणी येतच राहिले. शेवटी जानेवारी २०११ मध्ये हायकोर्टाने सगळे रंगाई कारखाने एकदम बंद करायला लावले. हजारो मजुरांचे काम गेले, आपल्या कापसाच्या बाजारालाही त्याची झळ लागली. जे काम सुरुवातीला थोड्या खर्चात झाले असते त्यासाठी शेतकरी, मजूर, कारखानदार सगळे भरडले गेले.

आपल्या महाराष्ट्रात इचलकरंजीला हाच धंदा आहे. तिथल्या पाण्यावरून पंचगंगेकाठच्या शिरोळ तालुक्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षे भांडण केले आहे. ते इथे विस्ताराने सांगत नाही.

पुन्हा रंगाकडे येऊ, कारण रंग गेला म्हणजे रंगाचा प्रश्न सुटला असेही नाही. मघाशी मधली गाठ ध्यानात ठेवायला सांगितली होती. ती कशी तुटते? गोबरगॅसची टाकी आठवा. हवा नाही, शेण आहे, जिवाणू आहेत. तसल्या जागी, गाळात, बंद टाकीत, जमिनीच्या खोल थरात, जिवाणूंना श्वासाला प्राणवायू मिळत नाही. खाल्लेल्या अन्नातून निघालेले विजेचे कण टाकायला त्यांना जागा पाहिजे असते. ते कण ते नत्राच्या दुहेरी गाठीवर टाकतात. गाठ तुटते, रंगाचे दोन तुकडे होतात आणि पाणी नितळ. लोक खूश. पण ते दोन तुकडे पाण्यातच असतात. त्यांना अमाइन म्हणतात. बिनरंगाचे, त्यामुळे दिसत नाहीत. आणि गंमत अशी की हवा नसताना गाठ तुटते, पण हवा नसताना हे तुकडे सहसा पुढे कुजत नाहीत. त्यांना कुजवायला पुन्हा दुसरे जिवाणू आणि भरपूर हवा लागते. म्हणजे एक टाकी बंद आणि तिच्यापुढे दुसरी हवा फुंकलेली, दोन्ही पाहिजेत. एकच असली तर काम अर्धवट. शिवाय पहिल्या टाकीतल्या जिवाणूंना खायला काही तरी द्यावे लागते, उपाशीपोटी कोणी गाठ तोडत नाही.

सगळे अमाइन विषारी नसतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सगळे ॲझो रंगही वाईट नाहीत. मिठाईला कायद्याने चालणारा टारट्राझिन हा पिवळा रंगही ॲझोच आहे. पण काही तुकडे फार वाईट. १८९५ मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन नावाच्या शल्यवैद्याने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे दाखवले. पुढे त्याचे बोट बेंझिडीनसारख्या अमाइनवर ठेवले गेले, आणि तो काँगो रेड, ज्याच्या कौतुकाने आपण सुरुवात केली, तो बेंझिडीनपासूनच बनतो. पोटात गेला तर आतड्यातले जिवाणू तो तोडून पुन्हा बेंझिडीन मोकळे करतात. जर्मनीने १९९४ मध्ये असे अमाइन सोडणारे रंग कपड्यांत वापरायला बंदी केली. आपल्या सरकारने १९९३ पासून बेंझिडीनचे ४२ रंग आणि १९९७ मध्ये आणखी ७० ॲझो रंग बंद केले. कागदावर बंदी झाली की बाजारातून माल नाहीसा होतो असे मानणारा शेतकरी आम्हाला अजून भेटायचा आहे. तुरीच्या डाळीला आणि हळदीला चोरून लावतात तो मेटॅनिल पिवळाही याच घराण्यातला. त्याच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले की ते गुलाबी-जांभळे होते.

तेव्हा विहिरीचे पाणी नितळ आहे म्हणून ते चांगले, हा हिशेब रंगाईच्या शेजारी चालत नाही. रंगीत पाणी मुरत मुरत खाली गेले आणि वाटेत रंग तुटला, तर वर येईल ते पाणी स्वच्छ दिसेल, आणि मीठ त्याच्यात पुरेपूर असेल.

मग सरकारचे नियम काय म्हणतात? रंगाईच्या पाण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०१६ मध्ये मर्यादा ठरवल्या. रंग १५० एककांपर्यंत, विरघळलेले क्षार लिटरला २१०० मिलिग्रॅमपर्यंत, आणि एसएआर २६ पर्यंत. हा तिसरा आकडा नीट ऐका. एसएआर म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने पाण्यात सोडियम किती त्याचे माप. ओलिताच्या पाण्याची जी प्रतवारी अमेरिकेच्या शेतीखात्याने १९५४ मध्ये केली आणि आपली कॉलेजे आजही शिकवतात, तिच्यात दहाच्या आत बरे, दहा ते अठरा मध्यम, अठरा ते सव्वीस धोक्याचे, आणि सव्वीसच्या वर सर्वांत वाईट. म्हणजे सर्वांत वाईट वर्गाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबले की कारखाना कायद्यात बसला! आपल्या चिकण काळ्या मातीत तर दहा गाठायच्या आधीच ती बोलू लागते. ही मर्यादा ठरवताना काळ्या मातीचा विचार कितपत झाला असेल, ते तुम्हीच ठरवा.

उपाय नाही असे नाही. २०११ नंतर तिरुपूरनेच तो केला. पाणी बारीक पडद्यातून दाबून गाळायचे, गोडे पाणी पुन्हा रंगाईला घ्यायचे, उरलेले खारे पाणी आटवून मीठ परत हंड्यात टाकायचे, बाहेर थेंब सोडायचा नाही. वीज लागते, पैसा लागतो, आणि उरलेला गाळ-खार कुठे ठेवायचा हा प्रश्न तिथेही राहिला आहे. पण कारखाने चालू आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. संजय गोविंदवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंग तोडणारे जिवाणू आणि वनस्पती यांवर बरीच वर्षे काम केले. दारातला चिनी गुलाब, झेंडू असली साधी झाडेही काही रंग तोडतात असे तिथल्या प्रयोगांत दिसले. फार चांगले काम आहे. पण कोणी उद्या येऊन सांगेल की सांडपाण्याच्या नाल्यात झेंडू लावला, आता काळजी नको, तर त्याला विचारा, मीठ कोणत्या झाडाने नेले?

प्रश्न शेवटी पैशाचा आहे. पाणी साफ करायला किलो कापडामागे काही रुपये लागतात. ते रुपये कापडाच्या किमतीत धरले तर गिऱ्हाईक देतो. धरले नाहीत तर खालच्या अंगाचा शेतकरी देतो, विहिरीच्या आणि जमिनीच्या रूपाने, आणि त्याला पावतीही मिळत नाही. आपल्या शेतमालाचा उत्पादन खर्च कधी पुरता धरला नाही, निदान कापडाचा तरी पुरता धरा, एवढेच मागणे आहे. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करायची हे तत्त्व सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये तामिळनाडूच्याच कातडी कारखान्यांच्या खटल्यात मान्य केले आहे. पण भरपाई मागायची तर आधी विहिरीचे पाणी कसे होते ते दाखवावे लागते. बिघडल्यानंतर काढलेल्या नमुन्याला कोर्टात समोरचा वकील म्हणतो, हा तर जुनाच खारपाणपट्टा. आपल्या बाबतीत तो हे पहिल्या दिवशी म्हणेल.

म्हणून पूर्णेकाठच्या प्रत्येक गावाने आत्ताच पाच विहिरी निवडाव्या. एक नदीजवळची, एक लांबची, बाकी मधल्या. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या शेवटी आणि दिवाळीनंतर, पाणी तपासावे. स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली घ्या, त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, वर विहिरीचा गट नंबर आणि तारीख लिहा. मोटार असेल तर दहा मिनिटे चालवून मग भरा. प्रयोगशाळेला सांगा, सामू, क्षारता, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि एसएआर पाहिजे. नुसते 'पाणी योग्य' असा शिक्का घेऊन परत येऊ नका, आकडे लिहून घ्या. कागद ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावा आणि एक प्रत घरी ठेवा. ज्यांना लगेच शहरात जाणे जमत नाही त्यांनी पितळी नको, स्टीलच्या ताटलीत एक लिटर पाणी थोडे थोडे करून उन्हात आटवावे आणि तळाशी काय उरते ते पाहावे. ते माप नव्हे, पण पुढच्या वर्षी त्याच विहिरीचे पाणी त्याच ताटलीत आटवले तर फरक दिसतो. पुढच्या बैठकीला येताना ज्या गावांनी बाटल्या भरल्या असतील त्यांनी त्या सोबत आणाव्या. सगळ्या एकदम प्रयोगशाळेत पाठवायची सोय आम्ही करतो.